पंप बरा आहे, मग पाणी का येत नाही?

उन्हाळा येतो. विहिरीचे पाणी खाली जाते. काठावरचा पंप चालू असतो, पण पाणी काही वर येईना. मिस्त्री सांधे बघतो, तळाची झडप बघतो. सगळे ठीक! मग अडते कुठे?

आधी एक करून पाहू. एक बाटली पाण्याने काठोकाठ भरा. तोंडावर अंगठा धरून ती बादलीतल्या पाण्यात उपडी करा आणि अंगठा काढा. बाटलीतले पाणी खाली येत नाही. त्याला कोण धरून ठेवते? हवा. हवेलाही वजन आहे. ती बादलीतल्या पाण्यावर दाबते, म्हणून बाटलीतले पाणी वर तोलून राहते.

पण किती उंच? इटली देशात टॉरिचेली नावाचा विद्वान होता. दोन हात लांब काचेची नळी पाऱ्याने भरून ती पाऱ्याच्या भांड्यात उपडी केली, तर काय होते, हे त्याने १६४४ साली लिहून कळवले. पारा थोडा उतरतो आणि सुमारे ३० इंचांवर थांबतो. हवेला तेवढाच पारा तोलतो. (पारा विषारी असतो. हा प्रयोग घरी करू नये.)

पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. म्हणून पाणी साडेतेरा पट उंच तोलले जाते, म्हणजे सुमारे ३४ फूट. करडईचे तेल पाण्याहून हलके, ते ३७ फूट उभे राहील. तराजूच म्हणा ना! एका पारड्यात हवा, दुसऱ्यात पारा, पाणी नाहीतर तेल.

ही मापे समुद्रकाठची. उंचावर हवेचा दाब कमी. आपले नगर शहर समुद्रापासून सुमारे २१०० फूट उंच. तिथे पाणी ३१ फुटांवरच थांबते. अकोले तालुक्यातल्या कळसूबाईच्या माथ्यावर तर २८ फूट.

आता पंपाकडे वळू. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे म्हणजे तो पाइपातला दाब कमी करतो, आणि बाहेरची हवा पाणी वर चढवते. म्हणून ३१ फुटांपलीकडे पाणी चढणारच नाही. पाइपातली घासण आणि सांध्यांतली गळती धरली, तर २०-२२ फूट मिळाले तरी पुष्कळ. कर्ज काढून पाचाऐवजी दहा घोड्यांचा पंप काठावर बसवला, तरी ही हद्द सरकत नाही. पैसे मात्र जातात.

पंप पाण्याजवळ नेला तर काम होते. मात्र डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नये. धूर कोंडतो आणि माणूस दगावतो. पाण्यात बुडणारी विजेची मोटर पाणी खालून वर ढकलते. ढकलण्याला हवेची ही हद्द नाही.

नवा पंप घेण्याआधी दोरीला दगड बांधून अंतर मोजा, असे आम्ही सांगू. पंपापासून पाण्याच्या पातळीपर्यंत मोजायचे, तळापर्यंत नव्हे. उपसा चालू झाला की पातळी आणखी उतरते, तेही त्यात धरा.