चाइल्ड प्रोसेस थांबवताना

मंडळाच्या काव्यवाचनाचं रेकॉर्डिंग मी लिनक्सवर एका छोट्या पायथन स्क्रिप्टने करत होतो. स्क्रिप्ट एफएफएमपेग सुरू करायची आणि तो एमपी-४ फाइल लिहायचा. कार्यक्रम संपल्यावर दुसऱ्या टर्मिनलमधून स्क्रिप्टला ‘किल’ दिलं. स्क्रिप्ट गेली, एफएफएमपेग मात्र चालूच! वैतागून त्याला ‘किल -९’ दिलं. फाइल चांगली मोठी दिसत होती, पण उघडेना. ४० मिनिटांच्या कविता गेल्या.

‘किल’ या नावावर जाऊ नका. ही कमांड फक्त सिग्नल पाठवते. नंबर दिला नाही तर जातो तो १५ नंबरचा सिगटर्म, म्हणजे ‘आवरून घे आणि थांब’. कंट्रोल-सी दाबल्यावर जातो तो २ नंबरचा सिगइंट. हे दोन्ही प्रोग्रॅमला पकडता येतात. एफएफएमपेग ते पकडतो आणि फाइलमध्ये ‘मूव्ह’ नावाचा भाग लिहून मगच बंद होतो. कोणती फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका त्या भागात असते. ती नसेल तर साधी एमपी-४ फाइल प्लेअरला वाचताच येत नाही. ९ नंबरचा सिगकिल मात्र पकडता येत नाही. आवरायला वेळच मिळत नाही, कर्नल प्रोसेसला सरळ संपवतो. माझी अनुक्रमणिका लिहायची राहिली ती अशी.

पण मुळात एफएफएमपेग मागे राहिलाच का? कंट्रोल-सी दाबलं की सिगइंट टर्मिनलसमोर चालू असलेल्या अख्ख्या प्रोसेस ग्रुपला जातो. त्यात आई आणि मूल दोघं आले. ‘किल’ला मी एकच पीआयडी दिला होता, म्हणून सिग्नल फक्त आईला मिळाला. आई गेली म्हणून मूल आपोआप जात नाही, ते अनाथ होऊन चालत राहतं.

तेव्हा सिगटर्म स्क्रिप्टनेच पकडायचा आणि मुलासाठी ‘टर्मिनेट’ वापरायचं. त्याने मुलाला सिगटर्म जातो. मग ‘वेट’ करायचं, समजा १० सेकंदांच्या मुदतीने. मुदत टळली तरच ‘किल’, आणि त्यानंतर पुन्हा ‘वेट’. हा दुसरा ‘वेट’ हमखास विसरला जातो, आणि मग स्क्रिप्ट चालू असेपर्यंत मेलेलं मूल झोंबी म्हणून यादीत पडून राहू शकतं.

शेलमार्फत कमांड चालवली तर मुलालाही मुलं असू शकतात. अशा वेळी सुरुवातीलाच ‘स्टार्ट_न्यू_सेशन’ ट्रू करून त्यांना वेगळा ग्रुप द्या आणि ‘किलपीजी’ने सिग्नल ग्रुपलाच पाठवा. मात्र मग तुमचं कंट्रोल-सी त्या ग्रुपपर्यंत पोचत नाही. तो सिगइंटही स्क्रिप्टनेच पुढे पाठवायचा.