चार मिनिटांचा व्यायाम : मूळ प्रयोग आणि त्याची नक्कल

अल्प श्रमात मोठे फळ मिळावे, ही इच्छा मनुष्यमात्रास स्वाभाविक आहे. परंतु जेथे इच्छा प्रबळ होते, तेथे विवेक दुर्बळ होतो. हल्ली मोबाइलच्या पडद्यावर ‘चार मिनिटांत दिवसाचा व्यायाम’ शिकविणारे पाठ आमचे पुष्कळ विद्यार्थी पाहतात. वीस सेकंद उड्या किंवा बैठका, दहा सेकंद विश्रांती, असे आठ फेरे झाले की काम संपले! यास ‘तबाता’ असे नाव असून तो शास्त्रसिद्ध आहे असे सांगण्यात येते. तेव्हा ते शास्त्र मुळात काय सांगते, हे पाहू.

बर्फावरील शर्यतींत भाग घेणाऱ्या जपानी खेळाडूंचे शिक्षक इरिसावा कोइची हे ही पद्धत वापरीत असत. इझुमी तबाता व त्यांचे सहकारी यांनी तिची परीक्षा करून १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शारीरिक शिक्षण घेणाऱ्या तरुणांचे, प्रत्येकी सात जणांचे, दोन गट होते. पहिला गट आठवड्यातून पाच दिवस, रोज एक तास, जागच्या जागी चालणारी सायकल मध्यम जोराने चालवी. दुसरा गट चार दिवस वीस सेकंदांचे सात-आठ फेरे करी, आणि पाचव्या दिवशी अर्धा तास मध्यम व्यायाम करून वर चार फेरे करी. सहा आठवड्यांनी प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती दोन्ही गटांत वाढली. मात्र प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडत असताही काम करण्याची शक्ती दुसऱ्याच गटात, शेकडा २८ ने, वाढली.

निष्कर्ष मोठा खरा. पण त्या फेऱ्यांचा जोर किती होता? ज्या श्रमास प्राणवायू वापरण्याची सारी शक्ती खर्ची पडते, त्याच्या शेकडा १७० इतका! सातव्या-आठव्या फेऱ्याअखेर तो तरुण पुरता थकून जाई. शिवाय आरंभी दहा मिनिटे हलक्या श्रमाने शरीर तापविलेले असे.

आता नकलेकडे पाहा. घड्याळ तेवढे उचलले, श्रम मागे राहिले. घरातल्या बैठकांनी तो जोर सहसा येत नाही. आणि सवय नसलेल्याने तो एकाएकी आणू पाहिला, तर गुडघे व स्नायू दुखावण्याचे भय आहे. वजन घटविणे हा तर त्या प्रयोगाचा विषयच नव्हता.

याचा अर्थ थांबून-थांबून केलेला व्यायाम निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणत नाही. ज्यास वेळ थोडा आहे, त्यास तो हितकरच आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल हवी, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम हवा. म्हणून चार मिनिटांच्या भरवशावर सायंकाळचे मैदान सोडणे हा तोट्याचा व्यवहार होय. खोखो, कबड्डी यांत धाव आणि विसावा आपोआप येतातच.

विद्यार्थिमित्रहो, शास्त्राचे नाव कानी पडताच तीन प्रश्न विचारा : प्रयोग कोणावर केला? किती श्रमाने केला? आणि मोजले काय? ही सवय व्यायामातच नव्हे, तर सर्व विद्यार्जनात तुमच्या उपयोगी पडेल.