ऐच्छिक विषय : सोपा कोणता, लाभाचा कोणता?

बारावीचा निकाल लागतो, पदवीचा प्रवेश होतो, मुख्य विषय ठरतो. मग महाविद्यालयाच्या अर्जावर एक चौकट रिकामी उरते : खुला ऐच्छिक विषय. विद्यार्थी त्याला ‘ओपन इलेक्टिव्ह’ किंवा नुसते ‘ओई’ म्हणतात. मुख्य विषयासाठी घरात महिनाभर खल झालेला असतो. मामा, चाचा, शेजारचे मास्तर, सर्वांचा सल्ला घेतलेला असतो. या चौकटीसाठी मात्र वरच्या वर्गातील एका मित्राला मोबाईलवर एवढेच विचारले जाते की, सोपा विषय कोणता आणि सढळ हाताने गुण देणारे सर कोण. पाच मिनिटांत उत्तर येते आणि चौकट भरली जाते.

वाचक बंधू-भगिनींनो, ही चौकट दिसते तेवढी लहान नाही. नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा आपल्या राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. त्यात खुला ऐच्छिक विषय आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरूनच घ्यावा लागतो. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने कला किंवा विज्ञान शाखेकडे जायचे, विज्ञानाच्या विद्यार्थिनीने वाणिज्य किंवा कला शाखेकडे. अशा विषयांना एकूण १० ते १२ श्रेयांक ठेवलेले आहेत. एक श्रेयांक म्हणजे वर्गातील १५ तास. हिशोब केला तर हे १५० ते १८० तास होतात. आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षातले एवढे तास कोठे जाणार, हे त्या पाच मिनिटांत ठरते.

मुले म्हणतात, सोपा विषय घेतला की सरासरी वर जाते. हे म्हणणे तपासून पाहू. एका सत्राचे २२ श्रेयांक धरा व ऐच्छिक विषयाचे २. सोप्या विषयात १० पैकी १० श्रेणीगुण मिळाले असते आणि थोड्या कठीण विषयात ८ मिळाले, असे समजा. फरक दोनाचा. दोन श्रेयांकांनी गुणले तर ४, आणि २२ ने भागले तर त्या सत्राच्या सरासरीत ०.१८ चा फरक पडतो. तीन वर्षांच्या १३२ श्रेयांकांवर तोच फरक ०.०३ उरतो. ज्या भीतीपोटी तीस तास हातचे घालवले, तिची किंमत एवढीच होती! नापास होण्याची भीती ही गोष्ट वेगळी. ती खरी असते आणि तिचा विचार पुढे करू.

आता धर्माच्या बाजूने पाहू. काही विद्यार्थी आपल्या बाजूने एक हदीसही सांगतात, आणि ती हदीस खरी आहे. ह. आयेशा (रजि.) यांचे कथन बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. त्यानुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर दोन पर्याय आले की ते त्यांतला सोपा पर्याय स्वीकारीत, मात्र त्यात गुनाह नसावा. तेव्हा सोपा विषय घेणे कमीपणाचे आहे, कष्ट जेवढे जास्त तेवढे पुण्य जास्त, असे जे आपल्याकडे सरसकट बोलले जाते ते दीनच्या स्वभावाला धरून नाही. सुलभता ही अल्लाहची देणगी आहे. ती नाकारणाऱ्याला कोणी मोठा म्हणू नये.

पण हदीसमधील दोन पर्याय एकाच कामाकडे नेणारे दोन रस्ते असतात. एक चढणीचा, एक सपाट, आणि मुक्कामाचे ठिकाण एकच. सपाट रस्ता जर कोठेच जात नसेल तर त्याला सोपा रस्ता म्हणता येत नाही. प्रेषित (स.) ज्या ज्ञानाचा लाभ होत नाही त्यापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. ह्या दोन्ही शिकवणी शेजारी ठेवून पाहाव्यात. एक सांगते की विनाकारण अवघड करू नका, दुसरी सांगते की निरुपयोगी घेऊ नका. आपल्या मुलांना पहिली पाठ असते, दुसरी कोणी सांगितलेली नसते.

सोपे आणि लाभाचे यांत वैर आहे, हा समज कोठून आला कोण जाणे. बीजगणिताला ज्या ग्रंथावरून ‘अल्जिब्रा’ हे नाव मिळाले, तो ग्रंथ नवव्या शतकाच्या पूर्वार्धात, खलिफा अल्-मामून यांच्या काळी, बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी यांनी लिहिला. प्रस्तावनेत त्यांनी आपला हेतू सांगितला आहे. लोकांना वारसाहक्क, मृत्युपत्रे, वाटण्या, व्यापार, जमिनीची मोजणी व कालवे खोदणे यांत नेहमी जे गणित लागते, त्यातला सर्वांत सोपा व सर्वांत उपयोगी भाग आपण देत आहोत, असा त्याचा आशय आहे. सोपा आणि उपयोगी हे दोन्ही शब्द त्यांनी एकत्र ठेवले. ग्रंथाचा मोठा भाग वारसा व मृत्युपत्रांच्या उदाहरणांनीच भरलेला आहे.

ते उदाहरण आपल्या घरातही येते. एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, एक मुलगा व दोन मुली आहेत, आईवडील हयात नाहीत. दफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत भागवून जे उरले त्याचे वाटप सूरह अन्-निसामधील आदेशांप्रमाणे करायचे आहे. पत्नीला एक अष्टमांश. बाकीच्यात मुलाचे दोन वाटे व प्रत्येक मुलीचा एक. ३२ भाग केले तर पत्नीला ४, मुलाला १४ आणि मुलींना ७-७. हे गणित शाळेतल्या अपूर्णांकांचे आहे. तरीही किती घरांत ते मांडले जाते? मुलींच्या सात-सात वाट्यांपाशी आले की पुष्कळांना अपूर्णांक येईनासे होतात. (येथे गणिताचा दोष थोडा आणि नियतीचा अधिक, हे मान्य.) तरीही घरात एखादा तरी हिशोब मांडणारा असावा लागतो. कला शाखेच्या मुलीला वाणिज्य शाखेचा व्यावहारिक गणित किंवा कौटुंबिक अर्थनियोजनाचा विषय मिळत असेल, तर ते तीस तास तिच्याच नव्हे, साऱ्या घराच्या कामी येतील.

ह. जैद बिन साबित (रजि.) यांची गोष्ट या संदर्भात मला नेहमी आठवते. मदीना येथे यहुदी लोकांशी पत्रव्यवहार करावा लागे. ती पत्रे परक्याकडून लिहून-वाचून घेण्यात भरवसा नव्हता. प्रेषित (स.) यांनी तरुण जैद यांना त्यांची लिपी शिकून घेण्यास सांगितले. अर्धा महिनाही लोटला नाही तोच ती आपल्याला अवगत झाली, असे जैद स्वतः सांगतात. त्यानंतर येणारी पत्रे तेच वाचून दाखवीत आणि जाणारी तेच लिहीत. तिर्मिजी व अबू दाऊद यांत हे आलेले आहे. लिपी परक्यांची होती, गरज समाजाची होती, आणि शिकायला लागले अवघे काही दिवस. पुढे ह. अबू बक्र (रजि.) यांच्या काळात कुरआनच्या संकलनाचे काम ज्या तरुणावर सोपविले गेले, तो हाच.

आता महाराष्ट्राकडे या. पेशव्यांचे दप्तर मोडी लिपीत आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात त्याचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, ठेवलेले आहेत. आदिलशाहीतील कागद फारसीत आणि मराठीतही आहेत. मशिदींच्या व दर्ग्यांच्या इनाम जमिनी, काजी व मुलाणी यांची वतने, गावोगावच्या वक्फच्या नोंदी अशा कागदांत आहेत. कित्येक घरांत दादा-परदादांच्या पेटीत एखादी सनद घडी घालून ठेवलेली असते. ईदला पेटी उघडली की ती बाहेर काढतात, अदबीने पाहतात आणि पुन्हा ठेवतात, कारण ती वाचता येणारा घरात कोणी नसतो. जमिनीचा वाद उभा राहिला की मग मोडी वाचणाऱ्याचा शोध सुरू होतो. तो जे वाचून सांगेल त्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. काही विद्यापीठांत व महाविद्यालयांत मोडीचा अभ्यासक्रम शिकवला जातो. तुमच्या महाविद्यालयाच्या यादीत मोडी किंवा फारसी असेल, तर वाणिज्य किंवा विज्ञानाच्या मुलाला ती सहज घेता येईल. पहिले काही आठवडे अक्षरे एकमेकांत गुंतलेली दिसतील. नंतर हात बसतो.

इमाम गजाली (रह.) यांनी वैद्यक व गणित यांना फर्जे किफाया म्हटले आहे. समाजातील काहींनी ते शिकले तर सर्वांची जबाबदारी उतरते, कोणीच शिकले नाही तर सर्व दोषी. अकराव्या-बाराव्या शतकातील आपल्या काळाविषयी त्यांची तक्रार अशी की, अनेक गावांत मुस्लिम वैद्य एकही नाही आणि विद्यार्थ्यांची झुंबड मात्र फिकहच्या वादविवादांकडे. लक्षात घ्या, फिकहची थोरवी ते नाकारत नाहीत, ते स्वतः फकीह होते. जेथे आधीच गर्दी आहे तेथेच सर्वांनी जावे, यावर त्यांचा आक्षेप होता. ऐच्छिक विषयांच्या यादीतही एका वर्गात बसायला जागा नसते आणि शेजारच्या वर्गात पुरेसे विद्यार्थी न मिळाल्याने विषयच बंद होतो.

येथे एका गोष्टीची जाणीव ठेवावी लागेल. सकाळी महाविद्यालय, दुपारी वडिलांच्या दुकानावर आणि रात्री मुख्य विषयाचा अभ्यास अशी ज्याची दिनचर्या आहे, त्याने ऐच्छिक विषय हलका घेतला तर त्याला कोणी बोल लावू नये. अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीपेक्षा अधिक भार टाकत नाही, मग आपण का टाकावा? जिला नापास होण्याची भीती आहे, कारण एक विषय राहिला तर घरचे शिक्षणच थांबवतील, तिच्यासाठीही सोपा विषय हाच शहाणपणाचा निर्णय असू शकतो. (पालकांनो, ही भीती तिच्या मनात कोणी घातली याचा विचार तुम्ही करा.) मात्र हलका विषय घेऊन वाचवलेले तास कोठे गेले, हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय असावी. आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांच्या बाबतीत पुष्कळ लोक तोट्यात राहतात, असे प्रेषित (स.) यांनी बजावले आहे. ते तास दुकानात, अभ्यासात किंवा आईच्या सेवेत गेले असतील तर ठीक. मोबाईलवर गेले असतील तर विषय सोपा नव्हता, महाग होता.

मग निवड कशी करावी? नावावर जाऊ नका. ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या भारदस्त नावाखाली कधी कधी काहीच नसते, आणि ‘प्राथमिक संख्याशास्त्र’ या रुक्ष नावाखाली जन्मभर पुरणारी शिदोरी असते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम उतरवून घ्या व घटक वाचा. मागील प्रश्नपत्रिका मिळाल्यास पाहा. अंतर्गत गुण कशाचे आहेत, प्रकल्प आहे की नुसती चाचणी, हे विचारा. वरच्या वर्गातील मित्राला जरूर विचारा, पण प्रश्न बदला. परीक्षा झाल्यावर तुला असे काय करता येऊ लागले जे आधी येत नव्हते, असे विचारा. तो उत्तर देताना अडखळला तर तुमचे उत्तर तुम्हाला मिळाले. घरात कोणी महाविद्यालय पाहिलेले नसले तरी आईवडिलांसमोर यादी वाचून दाखवा. कोणत्या विद्येची घरात उणीव आहे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

मशवरा झाला की दोन रकात नफ्ल नमाज पढून इस्तिखाराची दुआ करा. ह. जाबिर (रजि.) सांगतात की, प्रेषित (स.) आपल्या साथीदारांना कुरआनची सूरह शिकवावी तशी ही दुआ सर्व बाबींसाठी शिकवीत असत. सर्व बाबींत ही चौकटही आली. नंतर महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन विषय बदलण्याची मुदत किती दिवसांची आहे तेवढे विचारून ठेवा, आणि त्या मुदतीत निवडलेल्या विषयाच्या पहिल्या दोन-तीन तासिका चुकवू नका.