विमानातील वायरचा सांधा : डाख की क्रिंपिंग?

प्रश्न : स्वतः बांधलेल्या छोट्या विमानात वायरला लग जोडताना डाख द्यावा की लग दाबून बसवावा?

उत्तर : अनेक बारीक तारा पिळून बनलेल्या वायरला डाख दिल्यास वितळलेला मिश्रधातू आवरणाखाली ओढला जाऊन तेवढा भाग ताठ होतो, आणि इंजिनाच्या अखंड कंपनामुळे, ताठ व लवचीक भाग जिथे मिळतात नेमक्या त्याच जागी, तारा एकेक करून तुटू लागतात, म्हणून लगची नळी योग्य अवजाराने वायरभोवती दाबणे, म्हणजेच क्रिंपिंग, अधिक भरवशाचे ठरते. चांगल्या लगमधील दुसरी धातूची नळी वायरचे आवरणही पकडते, आणि हा तपशील लहान दिसला तरी कंपनाचा ताण उघड्या तारांवर येऊ न देण्याचे काम तीच करते. साध्या पक्कडीने चेपलेला लग हाताला घट्ट लागला तरी विश्वासार्ह नव्हे.

वायरची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. पीव्हीसीचे आवरण जळताना डोळे व श्वासनलिका जाळणारा हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, त्यामुळे १५० अंश सेल्सिअस सोसणारी टेफझेल आवरणाची वायरच वापरावी. फ्यूज प्रथम वायरच्या रक्षणासाठी असतो. २२ गेजच्या वायरला ५ अँपिअरचा फ्यूज, तोही वीज जिथून निघते तिथेच, लावावा.