शिस्त आणि शेवटचा बाक

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. पुढे मुंबईत, एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गुरुजींनी त्यांना फळ्यापाशी बोलावताच, फळ्यामागे ठेवलेले आपापले डबे उचलायला मुले धावली.

आज गोणपाट गेले. परंतु मागे पडलेल्या मुलाला कायम शेवटच्या बाकावर बसवणे, चारचौघांत हिणवणे ही शिस्त नव्हे; ती त्याच गोणपाटाची नवी घडी होय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मारहाणीबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे.

माहीमच्या पालक बंधु-भगिनींनो, महापालिका शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालकच असतात. तेथे जा. बाक आळीपाळीने बदलतात का, एवढे तरी विचारा.