बरड वावरासाठी गलांडा : दसऱ्यापासून मागे मोजून पेरा

वाशिम जिल्ह्यात फुलशेतीचा विषय निघाला की झेंडूच्या पुढे कुणी जात नाही. झेंडूबद्दल तक्रार नाही. पण जिथे सोयाबीन गुडघ्याच्या वर जात नाही, अशा धुऱ्यालगतच्या मुरमाड तुकड्यावर गलांडा लावून पाहण्यासारखा आहे. बाजारात याला गेलार्डियाही म्हणतात. मूळचा हा अमेरिकेतल्या टेक्सास-ओक्लाहोमाकडच्या गवताळ माळांवरचा. तिथली रेताड, पाणी न धरणारी जमीन आणि कडक ऊन त्याच्या अंगवळणी पडले आहे. म्हणून पाण्याचा ताण तो सोसतो; मुळाशी तुंबलेले पाणी मात्र सोसत नाही. गलांडा गेला असे सांगणाऱ्यांचा तुकडा बहुधा भारी काळ्या जमिनीत, नाल्याकाठी असतो. चांगली जमीन तुरीला ठेवा, याला बरडच द्या.

पेरणीची तारीख दसऱ्यापासून मागे मोजून ठरवायची. बी टाकल्यापासून फुले हाती यायला साधारण तीन ते साडेतीन महिने लागतात. दसरा ऑक्टोबरच्या सुरुवातीला असेल, तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रोपवाटिका टाकलेली हवी. अधिक मासाच्या वर्षी दसरा पुढे सरकतो, तेव्हा आणखी दोन-तीन आठवडे मिळतात. पावसाची वाट पाहत बसू नका. रोपवाटिकेपुरते पाणी घागरीनेही भागते. लग्नसराईसाठी दुसरी पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात करता येते.

एकरी 200 ते 300 ग्रॅम बी पुरते. पण पहिल्या वर्षी पाच-दहा गुंठ्यांच्या वर जाऊ नका. वितभर उंच गादीवाफा करून चाळलेले शेणखत मिसळा, बोटभर अंतरावर उथळ रेषा ओढून बी टाका आणि वर जेमतेम झाकेल एवढीच बारीक माती किंवा खत भुरभुरा. खोल गेलेले बी उगवत नाही, आणि दोष बियाण्याच्या दुकानाला लागतो! झारीने पाणी द्या. आठ-पंधरा दिवसांत उगवण दिसते. मृगाच्या सरी जोरदार आल्या तर वाफ्यावर पऱ्हाट्यांचा मांडव टाकून साडी अंथरा, नाहीतर कोवळी रोपे मातीने लिंपली जातात.

चार-पाच पाने आलेली, महिना-सव्वा महिन्याची रोपे संध्याकाळी लावा. खरिपात सरी-वरंब्यावर, वरंब्याच्या बगलेला, 60 बाय 45 सेंटिमीटरवर. या हिशेबाने एकरात सुमारे 15 हजार रोपे बसतात. नांगे आठवड्याभरात भरा. रोप धरले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या वाढतात. महिनाभर निंदण-डवरणी चुकवू नका. नंतर झाड स्वतःच जमीन झाकते. युरियाचा हात आवरा. माती परीक्षण करूनच खत ठरवा. रिसोड तालुक्यातल्या करड्याच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेता येईल. नत्र जास्त झाले की पाला माजतो आणि वाऱ्यात झाडे लोळतात. पावसाचा खंड पडला तर दहा-बारा दिवसांनी एक हलके पाणी पुरे. फुलोऱ्यात तुषार संच लावू नका, भिजलेले फूल सडते.

मावा आणि फुलकिडे दिसले तर आधी निंबोळी अर्काची फवारणी करा, तीही संध्याकाळी. या फुलांवर मधमाश्यांची वर्दळ असते, आणि बी भरायला त्यांचीच गरज असते.

पूर्ण उमललेली फुले दव सुकल्यावर, देठाशिवाय तोडा. तीन-चार दिवसांआड तोडा होतो. भाव झेंडूइतका मिळेल असे गृहीत धरून गणित मांडू नका. गलांड्याचा फायदा कमी खर्चात आणि लांबत जाणाऱ्या तोड्यात आहे. लागवडीआधीच वाशिम, कारंजा किंवा अकोल्याच्या हारवाल्यांशी बोलून ठेवा. भरगच्च पाकळ्यांचे फूल हारात उठून दिसते, एकेरी पाकळीला कमी विचारतात.

पुढच्या वर्षाचे बी घरचेच धरा. चांगल्या रंगाच्या, भरगच्च फुलांच्या झाडांना आधीच दोरी बांधून खूण करा. पाकळ्या गळून गोंडा तपकिरी, कोरडा झाला की तोडून सावलीत वाळवा, चोळून पाखडा आणि कापडी पिशवीत ठेवा. परागीभवन माश्यांकडून होत असल्याने रंगांची सरमिसळ होईल. ती चालत नसेल तर दर दोन-तीन वर्षांनी बियाणे बदला. उरलेले बी मात्र माळावर भिरकावू नका, विशेषतः कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या आसपास. तिथे काळवीट चरतात, आणि त्या माळावर आपले पवन्या-मारवेल हवे.