रोहू पेंड कशी पचवितो?

घाण्यातून तेल काढल्यावर उरलेली पेंड आपण गुरांना घालतो. तीच पेंड भाताच्या कोंड्यात मिसळून तळ्यातील रोहू-कटला माशांनाही चारतात. पेंडीत थोडे तेल उरतेच. पण या माशांना जठर नसते! जठरावाचून पचन कसले, असे आम्हांस वाटे.

हे तेल लांबलचक आतड्यात पचते. पित्त त्याचे सूक्ष्म थेंब करते, लायपेज नावाचे विकर ते थेंब फोडते आणि आतड्याची भिंत स्निग्धाम्ले शोषून घेते. जवसाच्या तेलातील स्निग्धाम्लापासून गोड्या पाण्यातील मासा अधिक लांब साखळीची स्निग्धाम्ले स्वतः घडवितो. समुद्रातील बहुतेक माशांना हे फारसे साधत नाही.

मात्र खवट पेंडीने माशाच्या यकृतास अपाय होतो. पचनशक्ती कितीही अजब असो, अन्न ताजेच हवे!